कोळशानंतरचा रूर

जर्मनीतल्या डुइसबुर्ग शहराच्या उत्तर भागात वायू साठवण्याची एक प्रचंड लोखंडी टाकी आहे. तिचा व्यास ४५ मीटर. एके काळी झोतभट्टीतून निघणारा वायू तिच्यात साठवत. आज तिच्यात पाणी आहे, १३ मीटर खोल, सुमारे २ कोटी लिटर, आणि त्या पाण्यात माणसं पाणबुड्याचा पोशाख चढवून उतरतात. तळाशी त्यांच्यासाठी बुडालेल्या नौकेचे अवशेष ठेवले आहेत, कृत्रिम खडक रचला आहे. टाकीच्या जवळच खनिज साठवायच्या कोठारांच्या जाड काँक्रीटच्या भिंती आहेत. तिथे गिर्यारोहकांची संघटना प्रस्तरारोहण शिकवते. पलीकडे पाच नंबरची झोतभट्टी उभी आहे. तिच्या गंजलेल्या जिन्यांनी कुणालाही सत्तर मीटर उंचीपर्यंत चढून जाता येतं, तेही तिकीट न काढता. वितळलेलं लोखंड जिथे ओतलं जायचं, त्या दालनात उन्हाळ्यात सिनेमे दाखवतात.

१९८५ पर्यंत हा सगळा पसारा थिसेन कंपनीचा लोखंडाचा कारखाना होता. आज ती १८० हेक्टरची सार्वजनिक बाग आहे. बाग म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं, त्यातलं इथे फारच थोडं आहे. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात झालेल्या बागांमध्ये इतकी धाडसी दुसरी बाग मला माहीत नाही.

डुइसबुर्ग हे रूर प्रदेशाचं पश्चिम टोक. तिथून पूर्वेला डॉर्टमुंडपर्यंत ओबरहाउझेन, एसेन, गेल्सनकिर्शेन, बोखुम ही शहरं एकमेकांना इतकी खेटून वसली आहेत की ट्राममध्ये बसल्यावर एक कुठे संपलं आणि दुसरं कुठे सुरू झालं, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. एकूण ५३ नगरपालिका, पन्नास लाखांवर वस्ती. खरं तर हे एकच अवाढव्य शहर आहे. फक्त त्याला एक महापौर नाही आणि एक मध्यवर्ती चौक नाही. त्याचा जन्मच तसा झाला. बाजारपेठ, बंदर किंवा राजवाडा यांच्याभोवती ते वाढलं नाही. जिथे जिथे खाणीचा शाफ्ट खणला गेला, तिथे तिथे त्याच्याभोवती चाळी, शाळा, चर्च आणि बिअरचा गुत्ता उभा राहिला. नंतर या वस्त्या पसरत पसरत एकमेकींना भिडल्या.

इथला कोळसा सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचा. त्याचे थर दक्षिणेकडे रूर नदीच्या खोऱ्यात थेट जमिनीवर डोकावतात आणि उत्तरेकडे तिरपे होत खोल खोल जातात. म्हणून खाणी दक्षिणेत सुरू झाल्या आणि पिढ्यानपिढ्या उत्तरेकडे सरकत गेल्या, प्रत्येक टप्प्यावर आणखी खोल. शेवटच्या खाणी हजार मीटरच्याही खाली पोचल्या होत्या. ही तिरपी घसरण लक्षात ठेवायला हवी. पुढे उत्तरेकडच्या एमशर नदीची जी दैना झाली, तिचं कारण यातच आहे.

१९५७ च्या सुमारास इथल्या खाणींत जवळपास पाच लाख माणसं काम करत होती. रूरचा दबदबा असा, की आपल्या राउरकेल्याचा पोलाद कारखाना उभारायला एसेनची क्रुप आणि डुइसबुर्गची डेमाग या कंपन्यांचे इंजिनिअर आले होते. पण १९५८ मध्येच न विकलेल्या कोळशाचे ढीग साठू लागले. अमेरिकेतून येणारा कोळसा स्वस्त पडत होता आणि तेल त्याहून सोयीचं होतं. सत्तरच्या दशकात पोलादालाही उतरती कळा लागली. १९८७ च्या अखेरीस क्रुपने डुइसबुर्गमधला राइनहाउझेनचा कारखाना बंद करण्याचं ठरवलं, तेव्हा कामगारांनी १६० दिवस लढा दिला. राइन नदीवरचा पूल अडवला, महामार्ग रोखले, बायकामुलांसह गावच्या गाव रस्त्यावर आलं. कारखान्याला मुदत मिळाली, जीवदान मिळालं नाही. १९९३ मध्ये तो बंद झाला. आज त्या जागेवर मालवाहतुकीचं मोठं केंद्र आहे. चीनमधून रेल्वेने येणारे कंटेनर डुइसबुर्गलाच उतरतात. काळाचं पारडं किती फिरलं ते पाहायला आणखी एक उदाहरण पुरेसं आहे. रूरच्या दक्षिण कडेला एनेपेटाल नावाचं गाव आहे. तिथला कार्ल डान पेडिंगहाउस हा जुना फोर्जिंग कारखाना २००४ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जने विकत घेतला.

अशा वेळी कुठलंही सरकार आधी जाहिरातीकडे वळतं. रूरनेही तेच केलं. बाहेरच्या जर्मन माणसाच्या मनात रूर म्हणजे धूर, काजळी आणि दोरीवर वाळत घालताच करडे पडणारे कपडे. १९६१ च्या निवडणूक प्रचारात चॅन्सलरपदाचे उमेदवार विली ब्रांट यांनी रूरवरचं आकाश पुन्हा निळं झालं पाहिजे, असं म्हटलं, तेव्हा अनेकांना ते हास्यास्पद वाटलं होतं. पुढे गाळण्या आल्या, कायदे आले, आणि बरेच कारखाने बंदही पडले. आकाश निळं झालं. पण मनातलं चित्र बदललं नाही. १९८५ मध्ये इथल्या नगरपालिकांच्या संघाने देशभर जाहिरात मोहीम काढली. जर्मनीचा एक दमदार तुकडा, असं तिचं घोषवाक्य होतं. रूरमध्ये रंगभूमी आहे, विद्यापीठं आहेत, हिरवळ आहे, हे लोकांना सांगायचं होतं. त्यात खोटं काही नव्हतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या भल्यामोठ्या वस्तीत एकही विद्यापीठ नव्हतं. १९६५ मध्ये बोखुमचं सुरू झालं आणि पुढच्या दहा वर्षांत डॉर्टमुंड, एसेन, डुइसबुर्ग, हागेन अशी रांगच लागली. प्रश्न वेगळा होता. खाण आणि भट्टी वगळून रूरचं चित्र काढलं, की ते कुठल्याही शहराचं होतं. मग ते लक्षात कसं राहणार?

उत्तर जाहिरात कंपनीकडून आलं नाही. ते आधीच अंकुरलं होतं, आणि बहुतेक ठिकाणी तिथे राहणाऱ्या माणसांनीच ते जपलं होतं. ओबरहाउझेनमध्ये आयझेनहाइम नावाची कामगारांची वसाहत आहे. १८४६ पासून बांधलेली, रूरमधली सर्वांत जुनी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती पाडून उंच इमारती बांधण्याचा घाट घातला गेला. तिथल्या खाणकामगारांनी, त्यांच्या विधवांनी आणि त्यांच्यासोबत उभे राहिलेल्या रोलांड ग्युंटर या कला-इतिहासकाराने तो हाणून पाडला. विटांची बुटकी घरं, मागे भाजीचे वाफे, कबुतरांची खुराडी, सामायिक धुण्याची जागा: यात जपण्यासारखं काय आहे, असं अधिकारी विचारत होते. रहिवाशांनी धुण्याच्या जागेचं लोकांच्या बैठकीचं घर केलं आणि त्याच घरातून लढा चालवला. डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीतलं यंत्रदालन तर त्याहीआधी, १९६९ मध्ये वाचलं. रंगीत काचांच्या कमानीचं ते देखणं दालन पाडायचं ठरलं होतं. बर्न्ड आणि हिला बेशर हे छायाचित्रकार जोडपं तेव्हा बंद पडू घातलेल्या खाणींचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, भट्ट्या एकेक करून टिपत फिरत होतं. ते आणि त्यांच्यासारख्या काहींनी आवाज उठवला, म्हणून ते टिकलं. कारखानाही देवळासारखा किंवा किल्ल्यासारखा जपायचा वारसा असू शकतो, हा विचार जर्मनीत तिथून रुजला.

इथे गिरणगाव आठवल्याशिवाय राहत नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचं काय करायचं, यावर १९९१ मध्ये नियम झाला: एक वाटा मोकळ्या जागेला, एक परवडणाऱ्या घरांना, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हे वाटे फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरते उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगारांच्या तोंडून गिरणगावाचा इतिहास नोंदवून ठेवला, हे आपलं भाग्य. पण भोंगा, साचे, पाळ्या, खानावळी यांचं जग आज बहुतांशी पुस्तकातच सापडतं; जमिनीवर त्याची खूण फार कमी उरली. रूरला पैसा जास्त होता हे खरं, पण फरक केवळ पैशाचा नव्हता. तिथे जमीन विकायच्या आधी, तिच्यावर जे उभं आहे त्याचं काय करता येईल, हा प्रश्न विचारला गेला.

तो प्रश्न सरकारी पातळीवर नेणारा माणूस म्हणजे कार्ल गान्झर. मूळचे भूगोलाचे अभ्यासक. राज्य सरकारने १९८९ मध्ये दहा वर्षांसाठी एक बांधकाम प्रदर्शन जाहीर केलं आणि गान्झर यांना प्रमुख केलं. प्रदर्शन म्हटल्यावर मंडप आणि स्टॉल आठवतील, तसलं ते नव्हतं. एमशर नदीकाठची १७ शहरं हीच प्रदर्शनाची जागा, आणि दहा वर्षांत उभे राहणारे सुमारे १२० प्रकल्प हाच मांडलेला माल. गान्झर यांची संस्था छोटी होती. बांधकामाची मोठी तिजोरी तिच्याकडे नव्हती. रस्ते, घरं, पाणी, पर्यावरण यांच्या चालू सरकारी योजनांचा पैसा चांगल्या प्रकल्पांकडे वळवायचा, आणि चांगलं म्हणजे काय, ते स्पर्धा घेऊन ठरवायचं, ही त्यांची पद्धत. हे काम किती चिवट असतं ते सरकारी कचेरीची पायरी चढलेल्या प्रत्येकाला कळेल.

डुइसबुर्गची ती बाग याच प्रदर्शनातून आली. स्पर्धा जिंकली उद्यानरचनाकार पीटर लात्स यांनी. त्यांनी जवळजवळ काहीच पाडलं नाही. कारखाना बंद पडल्यापासून रुळांमध्ये आणि राखेच्या ढिगांवर आपोआप उगवलेली झाडं तशीच ठेवली. त्यातली काही झाडं दूरदेशची आहेत, कारण कारखान्यात जगभरातून खनिज यायचं आणि खनिजाबरोबर नकळत बियाही यायच्या. ओतकामाच्या जागी खाचेत पडून असलेल्या लोखंडी तबकड्यांपैकी ४९ उचलून त्यांनी एका अंगणात चौकोनी मांडल्या. वितळलेल्या धातूच्या ओघळांनी त्यांच्यावर जे व्रण उठवले होते, ते पावसापाण्याने आणखी स्पष्ट होत जातात. कोक भट्टीने विषारी केलेल्या मातीचा प्रश्न त्यांनी झाकून ठेवला नाही. अतिशय दूषित माती जुन्या कोठारांमध्ये बंद केली, वर काँक्रीट घातलं आणि त्यावर बाग केली. जी कमी दूषित होती, तिला हात न लावता वरची झाडी वाढू दिली. १९९४ मध्ये बाग खुली झाली, तेव्हा कधी काळी त्याच भट्टीसमोर घाम गाळलेले लोक आपल्या नातवंडांना घेऊन आले. जी जागा आयुष्यभर कुंपणाआड, गेटपास दाखवल्याशिवाय आत न सोडणारी होती, ती आता त्यांची झाली होती.

ओबरहाउझेनची वायूची टाकी तर ११७ मीटर उंच. १९८८ मध्ये ती निकामी झाली. शहरात वाद झाला, आणि शेवटी ठेवायची ठरली. १९९४ पासून तिच्यात प्रदर्शनं भरतात. १९९९ मध्ये क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलावंत जोडप्याने तिच्या पोटात तेलाच्या १३,००० रंगीत पिंपांची एक भिंत रचली होती.

आणि त्सोलफेराइन. एसेनच्या उत्तरेकडची ही खाण उद्योगपती फ्रान्त्स हानिएल यांनी १८४७ मध्ये सुरू केली. तिचा बारावा शाफ्ट १९३२ मध्ये चालू झाला तेव्हा तिथून दिवसाला १२,००० टन कोळसा वर येत होता. त्याची रचना केली होती फ्रित्स शुप आणि मार्टिन क्रेमर या वास्तुकारांनी. लाल विटा, पोलादी चौकटी, सगळ्या इमारती काटकोनात, सगळ्या दोन अक्षांवर बेतलेल्या, आणि दर्शनी भागी ५५ मीटर उंचीचा दुहेरी पायांचा मनोरा. कोळशाच्या खाणीला कुणी सुंदर म्हणत नाही, हिला म्हणत. २३ डिसेंबर १९८६ रोजी ती बंद झाली. एसेनची ती शेवटची खाण. ज्या शहराखाली शेकडो वर्षं कोळसा खणला गेला, त्या शहरात त्या दिवसानंतर एकही चालू खाण उरली नाही. राज्य सरकारने ती जागा विकत घेतली, वास्तू संरक्षित घोषित झाली, आणि २००१ मध्ये ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

आज तिच्या बॉयलरघरात औद्योगिक रचनांचं संग्रहालय आहे; त्याचा कायापालट वास्तुकार नॉर्मन फॉस्टर यांनी केला. कोळसा धुवायच्या इमारतीत २०१० पासून रूर संग्रहालय आहे, आणि तिथे जायला बाहेरून एक लांबलचक सरकता जिना चढावा लागतो, ज्या दिशेने कोळसा पट्ट्यावरून वर जायचा त्याच दिशेने. शेजारी कोक भट्ट्यांची रांग आहे. तिच्या पायथ्याच्या पाण्याच्या पाटाचं हिवाळ्यात बर्फ करतात आणि त्यावर दीडशे मीटर लांब घसरपट्टी तयार होते. माणसं स्केट्स बांधून भट्ट्यांच्या काळ्या दारांसमोरून सरसर जातात. उन्हाळ्यात तिथेच एक छोटा पोहण्याचा तलाव असतो.

मला मात्र तिथली सर्वांत विलक्षण वास्तू वाटते ती २००६ मध्ये बांधलेला काँक्रीटचा एक ठोकळा. वास्तुकार जपानचे, काझुयो सेजिमा आणि र्‍यूए निशिझावा. सुमारे ३५ मीटर लांब, तितकाच रुंद, जवळपास तितकाच उंच, आणि चारी बाजूंना विखुरलेल्या शंभरावर खिडक्या. जर्मनीच्या थंडीत अशा इमारतीला ऊब राखण्यासाठी जाड, दुहेरी भिंती लागतात. या भिंती एकेरी आणि जेमतेम ३० सेंटिमीटर जाड आहेत. कारण त्यांच्या आत नळ्या घातल्या आणि त्या नळ्यांतून बंद खाणीतून उपसलेल्या पाण्याची उष्णता फिरवायची योजना केली. हजार मीटर खोलवरून येणारं ते पाणी मुळातच सुमारे २८ अंश उबदार असे. ज्या व्यवस्थापनशाळेसाठी ही इमारत उभारली, ती काही वर्षांतच बंद पडली. आता तिथे फोल्कवांग कला विद्यापीठाचे विद्यार्थी शिकतात.

पण कोळसा निघणं बंद झाल्यावर वीस वर्षांनीही त्या खाणीतून पाणी का उपसत होते? तिकडे जाण्याआधी २०१० सालाकडे एकदा पाहू.

त्या वर्षी एसेनने संपूर्ण रूरच्या वतीने युरोपची सांस्कृतिक राजधानी होण्याचा मान मिळवला होता. मे महिन्यात प्रदेशभर तीनशेहून अधिक पिवळे फुगे ऐंशी मीटर उंच आकाशात सोडले, दोरीने जमिनीला बांधून. प्रत्येक फुगा तिथे, जिथे कधी काळी खाणीचा शाफ्ट होता. कुठे आता सुपरमार्केट होतं, कुठे शाळेचं मैदान, कुठे नुसतं गवत. आपण खाणीवर राहतो हे माहीत असलेल्या लोकांनाही, खाणी इतक्या होत्या आणि इतक्या दाट होत्या हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. जुलैत डुइसबुर्ग ते डॉर्टमुंड जाणारा महामार्ग एका रविवारी गाड्यांसाठी बंद केला, त्यावर ६० किलोमीटर लांब २०,००० टेबलं मांडली, आणि सुमारे तीस लाख माणसं तिथे आली, जेवली, गायली, पत्ते खेळली. कुठल्याही जाहिरातीने हे साधलं नसतं. त्यानंतर आठवडाही उलटला नाही तोच डुइसबुर्गमध्ये लव्ह परेड या संगीत महोत्सवात चेंगराचेंगरी झाली आणि २१ तरुण माणसं गेली. रूरच्या २०१० बद्दल लिहिताना ते वगळणं मला योग्य वाटत नाही.

सगळंच साधलं असंही नाही. गेल्सनकिर्शेन हे आजही जर्मनीतल्या सर्वाधिक बेरोजगारीच्या शहरांपैकी एक आहे. संग्रहालयात तिकीट फाडणारा एक माणूस लागतो. भट्टीवर शंभर लागत. डॉर्टमुंडमध्ये फिनिक्स नावाचा पोलाद कारखाना २००१ मध्ये बंद झाला. चीनमधल्या एका कंपनीने तो विकत घेतला. तिकडून आलेल्या कामगारांनी तो सुटा केला, एकेका भागावर क्रमांक टाकले, आणि सगळा कारखाना जहाजांतून नेला. मागे राहिलेल्या खड्ड्यात २०१० मध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली आणि २४ हेक्टरचं तळं तयार झालं. तळ्याकाठी आज सुंदर घरं आहेत. ती परवडणारे लोक मात्र भट्टीवर काम केलेल्यांपैकी क्वचितच असतील. डुइसबुर्गला अजूनही पोलाद बनतं, युरोपातल्या सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी ते एक आहे, आणि तिथल्या कामगारांना आज भविष्याची तीच धाकधूक आहे.

तरीही जमिनीच्या वर जे झालं ते अर्धंच आहे. खरा पराक्रम खाली आहे.

पोळीतलं पुरण काढून घेतलं, की वरचा पापुद्रा खाली बसणारच. रूरखालून दीडशे-दोनशे वर्षं कोळशाचे थर काढून घेतले आणि वरची जमीन बसत गेली, रस्ते, चर्च आणि घरांसकट. काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक. सगळीकडे सारखी बसली असती तर निभावलं असतं. पण इथे एक मीटर, तिथे दहा, पलीकडे काहीच नाही. नद्या आणि ओढ्यांचा उतार गेला. एमशर ही मुळातच संथ, वळणावळणाची नदी. तिचं पाणी तुंबून गावांत शिरू लागलं, त्यात खाणींचं आणि वस्त्यांचं सांडपाणी मिसळलं, आणि रोगराई माजली. १८९९ मध्ये इथल्या नगरपालिका, खाणमालक आणि कारखानदार यांनी मिळून एमशरसाठी एक संघ स्थापन केला: जो जितकी घाण करेल, त्याने तितका पैसा भरायचा. सहकार म्हणजे काय ते महाराष्ट्राला सांगायला नको, पण नदीचा असा संघ जर्मनीतही तो पहिलाच होता.

शहाणा माणूस म्हणेल, भुयारी गटारं घाला. तेच करता येत नव्हतं. जमीन बसतच होती. पुरलेले नळ मोडले असते आणि मैला जमिनीखाली पसरला असता. म्हणून त्यांनी नदीलाच गटार केलं. तिची वळणं काढून तिला सरळ केलं, तळाला आणि कडांना काँक्रीटच्या फरशा बसवल्या आणि सगळ्या शहरांचं सांडपाणी तिच्यात उघडं सोडलं. फरशी खचली तर वरून दिसे आणि वरून दुरुस्त करता येई. जमीन इतकी बसली की नदी राइनला मिळेनाशी झाली; तिचं मुख १९१० मध्ये आणि पुन्हा १९४९ मध्ये उत्तरेकडे हलवावं लागलं. शंभर वर्षं एमशरच्या दोन्ही काठांना कुंपण होतं आणि कुंपणावर जिवाला धोका असल्याच्या पाट्या होत्या. उन्हाळ्यात खिडक्या उघडायची सोय नव्हती.

खाणकाम उत्तरेकडे सरकलं, तशी एमशरखालची जमीन हळूहळू स्थिरावली. तेव्हा कुठे नळ पुरता येणार होते. १९९२ पासून त्या संघाने सगळी नदी पुन्हा नदी करायचं काम हाती घेतलं. चारशेहून अधिक किलोमीटरची नवी भुयारी गटारं. त्यातलं मुख्य गटार डॉर्टमुंडपासून डिन्स्लाकेनपर्यंत ५१ किलोमीटर. त्याला दर किलोमीटरला दीड मीटर उतार दिला आहे. गणित करून पाहा: इतक्या लांबीवर तो उतार ७५ मीटरच्या वर जातो. म्हणून वाटेत तीन ठिकाणी प्रचंड पंपगृहं आहेत, जी सगळं सांडपाणी उचलून पुन्हा वर आणतात. काही ठिकाणी हे गटार जमिनीखाली चाळीस मीटरवर आहे. २०२१ च्या अखेरीस एमशरमध्ये सांडपाण्याचा शेवटचा थेंब पडायचा थांबला. तीस वर्षं आणि सुमारे साडेपाच अब्ज युरो लागले. पुढच्या वर्षी नदीला राइनशी मिळायला नवं, रुंद, मोकळं मुख मिळालं, तिसऱ्यांदा आणि या वेळी तिच्या भल्यासाठी.

या सगळ्यात एक छोटा मासा आहे, त्याच्याबद्दल मला फार ममत्व वाटतं. एमशरच्या खोऱ्यातला मोठ्या डोक्याचा, तळाशी दगडाखाली राहणारा हा मासा नदी मेली तेव्हा नाहीसा झाला असं मानत. बॉट्रोपजवळ बोये नावाच्या ओढ्याच्या अगदी उगमाकडे, जिथे सांडपाणी पोचलं नव्हतं, तिथे तो शंभर वर्षं तग धरून राहिला होता. आता स्वच्छ झालेल्या ओढ्यांमध्ये तो पुन्हा पसरतो आहे.

आता त्या खाणीच्या पाण्याकडे येऊ. एमशरच्या खोऱ्यातला सुमारे चाळीस टक्के भाग आज आपल्या नदीच्या पातळीच्याही खाली आहे. तिथलं पावसाचं पाणी आपोआप वाहून जात नाही. शेकडो पंप ते रात्रंदिवस उचलतात. ते थांबले तर डुइसबुर्ग आणि डॉर्टमुंडच्या मधली कितीतरी लाख माणसांची वस्ती तळ्याखाली जाईल. त्याहून खोल, रिकाम्या बोगद्यांत सतत खारं पाणी झिरपतं. ते वर चढत चढत पिण्याच्या पाण्याच्या थरांना मिळालं, तर विहिरी कायमच्या नासतील. म्हणून तेही ठरावीक पातळीवर रोखून धरावं लागतं. जितकं वर येऊ द्यावं तितकी वीज वाचते, पण एका मर्यादेपलीकडे येऊ देता येत नाही. ती मर्यादा साधारण सहाशे मीटर खोलीची धरली आहे. आणि जुन्या कोक भट्ट्यांच्या जागी दूषित झालेलं भूजल शुद्ध करत राहायचं, हे तिसरं काम.

ही कामं कधी संपतील, याला तारीख नाही. जर्मन सरकार, राज्य सरकारं, कोळसा कंपनी आणि कामगार संघटना यांनी २००७ मध्ये दगडी कोळशाचं उत्पादन थांबवायचं ठरवलं, तेव्हा दोन गोष्टी एकत्र ठरल्या. एक, कुणाही कामगाराला नुसतं काढून टाकायचं नाही. लवकर निवृत्ती, बदली, नवं शिक्षण अशा वाटांनी अकरा वर्षांत काम आवरतं घ्यायचं. दोन, पंपांचा खर्च पुढच्या पिढ्यांच्या करावर टाकायचा नाही. त्यासाठी एक कायमचा निधी उभारला. कोळशाच्या कंपनीतून पुढे आलेल्या एव्होनिक या रसायन कंपनीचे समभाग त्याच्याकडे दिले. २१ डिसेंबर २०१८ रोजी बॉट्रोपच्या प्रोस्पर-हानिएल खाणीतून शेवटचा दगडी कोळसा वर आला आणि खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर यांच्या हाती दिला. पुढच्या वर्षापासून हा निधी दरवर्षी सुमारे तीस कोटी युरो या कामांवर खर्च करतो.

या निधीचं कार्यालय त्सोलफेराइन खाणीच्याच आवारात आहे. तिथे गेलात तर मनोऱ्याचा फोटो तुम्ही काढालच. मग थोडं पुढे चालत जाऊन ती कार्यालयाची इमारतही पाहा. रूरचं नवं रूप तिथून दरवर्षी पैसे भरून टिकवलं जातं.